कार्ट्रिजच्या कागदावरचे ते दोन बिंदू

नौपाड्यातल्या आमच्या घरी रेकॉर्ड प्लेअरला नवं कार्ट्रिज (सुई धरणारी छोटी डबी) बसवायचं म्हणून परवा एक कागद छापून आणला. प्लेअरच्या मधल्या खुंटीत अडकवायला एक भोक, आणि तिथून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर दोन बिंदू, प्रत्येकाभोवती रेघांची जाळी. हे आकडे जमेपर्यंत बरीच डोकी खपली आहेत.

मूळ अडचण अशी की तबकडी कोरणारं यंत्र कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत सरकतं. आपला टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा दांडा, मात्र एका टोकाला खिळलेला, तो कमानीत फिरतो. म्हणजे ज्या कोनात खाच कोरली, त्याच कोनात सुई सगळीकडे बसणं शक्यच नाही. १९२४ साली इंग्लंडात पर्सी विल्सन यांनी यावर लिहिलं. तेव्हा लाखेच्या तबकड्या आणि पोलादी सुया होत्या. कोन चुकला की खाच झिजायची.

खरी उकल केली ती १९३८ मध्ये स्वीडनच्या एरिक लोफग्रेन यांनी. चूक किती अंशांची एवढंच पाहून भागत नाही, ती कुठे झाली हेही पाहावं लागतं, हे त्यांनी गणिताने दाखवलं. एलपीच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर धावते, लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला, त्यामुळे कोनाची तीच चूक आत जास्त बोचते. १९४१ मध्ये बेअरवाल्डही याच उत्तरावर आले. कागदावरचे माझे दोन बिंदू याच गणितातले: फक्त या दोन ठिकाणी सुई खाचेच्या रेषेत अचूक बसते. १९६६ मध्ये स्टीव्हनसन यांनी आतला बिंदू आणखी आत, ६० मिलिमीटरच्या आसपास नेला.

ख्याल ऐकणाऱ्या आपल्याला हे सर्वांत जास्त लागू पडतं, असं मला मनापासून वाटतं. ख्यालाच्या एलपीवर विलंबित सहसा कडेला असतो. द्रुतातल्या ताना येतात त्या नेमक्या लेबलाजवळ. गळा चढतो तिथेच सुई चुकते.

एचएमव्हीच्या फिएस्टासारख्या साध्या प्लेअरवर वाढलेल्या घरांत हा प्रश्नच आला नाही. पिन झिजली की नवी आणायची, एवढंच. अर्ध्या इंचावरचे दोन स्क्रू सैल करून कार्ट्रिज पुढेमागे सरकवायचं काम नंतरच्या डेकसोबत घरात आलं.

आधी कार्ट्रिजला चार तारा जोडायच्या: पांढरी-निळी डावीकडच्या आवाजाची, लाल-हिरवी उजवीकडच्या. मग सुई अलगद १२०.९ वर टेकवायची, कार्ट्रिजच्या कडा जाळीच्या रेघांना समांतर आहेत का ते भिंगातून पाहायचं, आणि लगेच ६६ वर तपासायचं. एका ठिकाणी जुळलं की दुसरीकडे हलतं. माझ्याकडून दीड तास गेला. मग द्रुताची बाजू लावली.