पितृशोध (ग्रीक-रोमन सुखात्मिका)

टाकून दिलेल्या किंवा पोरक्या मुलाचा अज्ञात पिता कोण, हे खुणेच्या वस्तूवरून हळूहळू उलगडत नेणारे सुखात्मिकेतील कथाबीज. इ. स. पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात अथेन्समधील ‘नवी सुखात्मिका’ या नाट्यप्रकारात ते रुळले आणि प्लॉटस व टेरेन्स या रोमन नाटककारांच्या रूपांतरांतून पुढे यूरोपीय रंगभूमीवर गेले. एखाद्या उत्सवाच्या रात्री मुलीवर अत्याचार होतो, मूल टाकले जाते, कोणी गुराखी किंवा कोळी त्याला उचलतो आणि अंगठी, गळ्यातले किंवा पेटी यांमुळे त्याच्या जन्माचे रहस्य फुटते. मूल आजोबांच्या किंवा बापाच्या डोळ्यांसमोर असते आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. प्रेक्षकाला मात्र सारे आधीच ठाऊक असते. या नाटकांतला बराचसा विनोद या विसंगतीतून येतो.

उगम : या कथाबीजाच्या उगमाविषयी प्राचीन काळापासून एकवाक्यता नाही. इ. स. पू. तिसऱ्या शतकातील चरित्रकार सॅटिरस याच्या ग्रंथाचा काही भाग इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे पपायरसवर सापडला व १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कुमारिकांवरील बलात्कार, मुलांची अदलाबदल, अंगठ्या व कंठ्यांवरून पटणारी ओळख ही नव्या सुखात्मिकेची सामग्री युरिपिडीझ या शोकात्मिकाकाराने पूर्णत्वाला नेली, असे तो म्हणतो. याउलट ॲरिस्टोफेनीस या सुखात्मिकाकाराच्या एका प्राचीन चरित्रात हा मान त्याच्या ‘कोकालोस’ या अखेरच्या काळातील नाटकाला दिला आहे. बलात्कार, ओळख पटणे आणि नव्या सुखात्मिकेचा प्रमुख नाटककार मिनँडर याने पुढे उचललेल्या साऱ्या गोष्टी त्यातच प्रथम आल्या, असा त्या चरित्राचा दावा आहे. सुडा या दहाव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या बायझंटिन कोशात तिसरेच नाव येते : अनॅक्झँड्रिडीझ, हा ‘मधल्या’ म्हणजे नवीच्या आधीच्या टप्प्यातील सुखात्मिकेचा नाटककार.

तिन्ही साक्षींचे वजन सारखे नाही. सुडाची नोंद घटनेनंतर तेरा शतकांनी झालेली आहे. ‘कोकालोस’चे तुटक अवशेषच उरले आहेत आणि त्या नावाच्या सिसिलीच्या राजाची जी कथा प्रचलित आहे तिच्यात टाकलेल्या मुलाचा प्रसंग येत नाही. युरिपिडीझच्या बाजूने मात्र पुरावा त्याच्या नाट्यकृतींतूनच मिळतो. ‘आयॉन’ या नाटकात (इ. स. पू. सु. ४१४–४१२, हा काळ मुख्यत्वे छंदरचनेवरून अनुमानलेला) डेल्फायच्या मंदिरात वाढलेला पोरका तरुण आहे. मंदिराबाहेर प्रथम भेटेल तो तुझा मुलगा, असे दैववचन ऐकून निपुत्रिक राजा क्झूथस धावत येतो आणि आयॉनला मिठी मारू पाहतो. तरुणाला तो वेडा वाटतो व तो त्याच्यावर धनुष्य रोखतो. शोकात्मिकेच्या कवीने लिहिलेला हा प्रवेश सुखात्मिकेत जसाच्या तसा चालला असता. पुढे टोपलीतील विणलेले वस्त्र, सोन्याचे साप व ऑलिव्हची माळ यांवरून आई, म्हणजे क्झूथसची पत्नी क्रिऊसा, ओळखली जाते. खरा पिता अपोलो देव रंगमंचावर येतच नाही, आपल्या वतीने अथीनाला पाठवतो.

याहून निर्णायक दुवा ‘अलोपी’ या युरिपिडीझच्या लुप्त नाटकाचा आहे. हायजायनसच्या नावावरील लॅटिन कथासंग्रहात अलोपी या राजकन्येची कथा आढळते. टाकलेल्या मुलाच्या वस्त्रासाठी दोन मेंढपाळ भांडतात आणि निवाड्यासाठी राजा सर्सिऑनकडे, म्हणजे अजाणतेपणी मुलाच्या आजोबांकडेच जातात. मिनँडरच्या सर्वांत गाजलेल्या, ‘एपित्रेपोन्तेस’मधील प्रवेशाची (खाली पाहा) मांडणी नेमकी अशीच आहे. त्यामुळे सॅटिरसचे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते. अर्थात तो युरिपिडीझला आद्य प्रवर्तक म्हणत नाही, त्याने पूर्णत्व दिले एवढेच सांगतो. सॉफोक्लीझच्या ‘टायरो’ नाटकात नावेवरून ओळख पटत असे, हे ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्राच्या सोळाव्या प्रकरणात नोंदवलेच आहे. तेथेच त्याने खुणेच्या वस्तूवरून पटणारी ओळख सर्वांत कमी कलात्मक ठरवली आहे आणि घटनाक्रमातून आपोआप उमलणारी ओळख श्रेष्ठ मानली आहे.

मिनँडरचे ‘एपित्रेपोन्तेस’ : मिनँडर (इ. स. पू. सु. ३४२–२९०) याचे हे नाटक (नावाचा अर्थ ‘लवाद नेमणारे’) शतकानुशतके केवळ अवतरणांतून माहीत होते. १९०५ मध्ये गुस्ताव्ह लफेव्हर याला इजिप्तमधील कोम इश्काव येथे पाचव्या शतकातील एका हस्तलिखिताची पाने सापडली. सहाव्या शतकातील डायॉस्कोरस या वकिलाचे दस्तऐवज मडक्यात भरले होते व ते झाकण्यासाठी ही पाने वापरलेली होती. या शोधामुळे नाटकाचा मोठा भाग हाती आला. रचनाकाळ नक्की नाही, बहुतेक अभ्यासक ते लेखकाच्या उत्तरायुष्यातील मानतात.

खॅरिसिओस परगावी असताना त्याची पत्नी पँफिली लग्नानंतर पाचव्या महिन्यातच बाळंत होते आणि दाईच्या मदतीने मूल टाकते. ओनेसिमोस हा गुलाम हे मालकाच्या कानावर घालतो. खॅरिसिओस घर सोडून शेजारी राहू लागतो व हॅब्रोटोनन ही वीणावादक गणिका भाड्याने ठेवतो. सासरा स्मिक्रिनीझ याचा जीव पैशात अडकलेला : चार टॅलेंट हुंडा घेतलेला जावई या बाईपायी रोज बारा ड्रॅक्मा उधळतो, म्हणून तो धुसफुसत येतो.

याच स्मिक्रिनीझला रस्त्यात दोन गुलाम लवाद नेमतात. मेंढपाळ डाओसला मूल सापडले. त्याने ते कोळसे पाडणाऱ्या सिरोसला दिले, कारण सिरोसच्या बायकोचे तान्हे नुकतेच गेले होते. मुलासोबतचे दागिने मात्र डाओसने स्वतःकडे ठेवले. सापडलेल्या वस्तूचा मालक मीच, त्यातले मूल मी राजीखुशीने दिले, बाकीचे का देऊ, असा डाओसचा युक्तिवाद आहे. त्यावर सिरोस बायकोच्या हातून मूल मागून घेतो, लवादासमोर धरतो आणि म्हणतो की फिर्यादी हे मूलच आहे. हे दागिने माझ्या अंगावर घालण्यासाठी ठेवले होते, तुझ्या पोटापाण्यासाठी नव्हेत, असे ते सांगते आहे. मग तो नीलियस व पीलियस या जुळ्यांचा दाखला देतो. गुराख्याने खुणा जपून ठेवल्या म्हणून त्यांना आपले कुळ कळले. त्या खुणा विकल्या असत्या, तर ते जन्मभर अनोळखीच राहिले असते. मुलाला आपला बाप शोधण्याचा हक्क आहे आणि मोठ्यांनी तो विकून खाऊ नये, ही भूमिका एका गुलामाच्या तोंडी इतक्या स्वच्छपणे मांडलेली प्राचीन नाट्यवाङ्मयात क्वचितच आढळते. स्मिक्रिनीझ दागिने मुलाचे ठरवतो. आपल्याच नातवाला आपण न्याय दिला, हे त्याला शेवटच्या अंकापर्यंत कळत नाही.

दागिन्यांत सोन्याचा मुलामा दिलेली लोखंडी अंगठी निघते. तिच्यावरचे कोरीव चित्र बैलाचे की बोकडाचे, हे सिरोसला ओळखता येत नाही. ओनेसिमोस मात्र अंगठी ओळखतो. आर्टेमिसच्या टॉरोपोलिया उत्सवात दारूच्या नशेत मालकाकडून हरवलेली ती हीच. यापुढचा शोध हॅब्रोटोनन चालवते आणि त्यात मिनँडरची कारागिरी दिसते. अंगठी असली म्हणजे बाप सापडलाच असे ती मानत नाही. मालकाने ती जुगारात हरवली असेल, कुणाकडे गहाण ठेवली असेल. म्हणून आधी बापाची खात्री, मग आईचा शोध, असा क्रम ती लावते. अंगठी बोटात घालून ती स्वतःच मुलाची आई असल्याचे सोंग करते आणि खॅरिसिओसकडून कबुली काढते. ॲरिस्टॉटलला कमी वाटलेली खुणेची वस्तू येथे अनुमानाची केवळ पहिली पायरी ठरते.

शेवटी मुलाची आई पँफिलीच निघते. पत्नीच्या ज्या ‘कलंका’मुळे पती घर सोडून गेला, तो त्याच्याच अत्याचाराचा परिणाम होता. हे उघड होण्यापूर्वीच पँफिली बापासमोर नवऱ्याची बाजू घेते, ते आडून ऐकून खॅरिसिओस स्वतःला दोष देतो : आपणही अनौरस मुलाचे बाप असताना तिच्या दुर्दैवाला क्षमा केली नाही. स्त्री-पुरुषांसाठी वेगळ्या मापांवर इतके स्पष्ट बोट ठेवणारा नाटककारही अत्याचारित स्त्रीच्या वेदनेला फारशी वाचा देत नाही, हे मान्य करावे लागते. बलात्कार करणाराच पती निघाला की सारे मिटले, हा या प्रकारातील संकेत आजच्या वाचकाला खटकतो व खटकायलाच हवा.

सामाजिक पार्श्वभूमी : इ. स. पू. ४५१–४५० च्या पेरिक्लीझच्या कायद्याने आईवडील दोघेही अथेन्सचे असल्याशिवाय नागरिकत्व मिळत नसे. त्यामुळे बाप सापडणे म्हणजे मुलाला घर, वारसा आणि नगरात स्थान मिळणे होते. मुले प्रत्यक्षात किती टाकली जात, याविषयी वाद आहे. व्हॅन हुक (१९२०) व बोल्केस्टाइन (१९२२) यांनी नाटकांवरून ही प्रथा सर्रास होती असे अनुमान काढण्यास विरोध केला. डॉनल्ड एंगल्सने १९८० मध्ये लोकसंख्याशास्त्राच्या आधारे मोठे प्रमाण अशक्य ठरवले, तर मार्क गोल्डनने पुढच्याच वर्षी मुलींबाबत ते बरेच असावे असे प्रतिपादन केले.

रोमन रूपांतरे : टेरेन्सचे ‘हेकिरा’ (प्रथम प्रयत्न इ. स. पू. १६५, यशस्वी प्रयोग १६०) कॅरिस्टसच्या अपोलोडोरसवरून घेतलेले आहे. त्यातही अंगठी व गणिकेची मध्यस्थी आहे. प्लॉटसच्या ‘रुडेन्स’मध्ये समुद्रातून निघालेल्या पेटीवरून वाद होतो आणि लवाद डेमोनीझ हाच हरवलेल्या मुलीचा बाप निघतो. पेटीतील चिमुकल्या सोन्याच्या तलवारीवर त्याचे नाव कोरलेले असते. पुढे बोमार्शे या फ्रेंच नाटककाराच्या फिगारोला आईबाप सापडतात ते हातावरच्या खुणेमुळे.

भारतीय समांतर : जर्मन अभ्यासक विंडिशने १८८२ मध्ये संस्कृत नाटकावर ग्रीक प्रभाव असल्याचे मत मांडले, फ्रेंच अभ्यासक सिल्व्हँ लेव्ही याने ते १८९० मध्ये अमान्य केले. शाकुंतलातील अंगठी महाभारताच्या कथेत नाही, ही गोष्ट प्रभाववाद्यांना सोयीची वाटते. परंतु कट्ठहारी जातकात (बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांपैकी क्र. ७) सरपण गोळा करणाऱ्या स्त्रीला राजा मुद्रिका देतो. मुलगी झाली तर ती विकून तिला वाढव, मुलगा झाला तर त्याच्यासह ती घेऊन ये, असे तो सांगतो. ‘निपित्या’ (बाप नसलेला) म्हणून सवंगड्यांनी चिडवलेला मुलगा आईकडे बापाचे नाव मागतो. भर दरबारात राजा मुद्रिकाही नाकारतो आणि आईच्या सत्यक्रियेनंतरच (सत्याच्या बळावर घेतलेल्या शपथेनंतरच) मुलाला पदरात घेतो. अशी देशी परंपरा असताना ग्रीक उसनवारी गृहीत धरण्याचे कारण दिसत नाही. मराठी रंगभूमीवर अंगठीची ही कथा अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ने १८८० मध्ये पुण्यात आणली.