माहिती मागताना कारण सांगावे लागते का?

“माहितीच्या अर्जात ती कशासाठी हवी हे लिहिले नाही, तर अर्ज फेटाळला जातो,” असा मजकूर वर्षानुवर्षे फिरत आहे. सरकारी खिडकीवर प्रत्येक कामाचे प्रयोजन विचारले जाते, त्यामुळे हा समज होणे स्वाभाविकच आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मात्र वेगळे सांगतो. कलम ३ हा अधिकार सर्व नागरिकांना देते. आणि कलम ६(२) नुसार अर्जदाराकडून माहिती मागण्याचे कारण किंवा संपर्कासाठी आवश्यक असलेल्या तपशिलापलीकडची वैयक्तिक माहिती मागता येत नाही.

नकाराची कारणे मुख्यतः कलम ८ आणि ९ मध्ये दिली आहेत, आणि त्यांत ‘कारण दिले नाही’ हे कुठेही आढळत नाही. तथापि कलम ८ मधील अपवादात मोडणारी माहिती हवी असेल, तर ती उघड करण्यात व्यापक जनहित कसे आहे हे स्वतःहून मांडणे उपयोगाचे ठरते (कदाचित मूळ गैरसमज इथूनच पसरला असावा). पडताळणीसाठी अधिनियमाची ही दोन-तीन कलमे मुळातून वाचली तरी पुरे. जन माहिती अधिकाऱ्याने केवळ कारणाअभावी अर्ज नाकारला, तर ते उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम १९(१) खाली प्रथम अपील करता येते.