नासिक टाईप करा, मग सापडतं

भाचीचं एमएचं डिझर्टेशन चाललंय, विषय नाशिकची पांडवलेणी, आणि परवा तिचा वैतागून फोन, मामा सर म्हणतात प्रायमरी सोर्स पाहिजेत, चांगले रिसर्च पेपर पाहिजेत, आणि मी शोधतेय तर नुसती हॉटेलं आणि ट्रेकिंगवाले येतायत. म्हटलं काय टाकलंस, तर नाशिक केव्हज. तिला सांगितलं इंग्रजी स्पेलिंगमधला तो एच काढ आणि नासिक लिही, कारण त्या लेण्यांवर ज्यांनी खरं काम केलं ते सगळे नासिकच लिहायचे. अर्ध्या तासात तिच्याकडे चार पीडीएफ जमल्या.

ही काही युक्ती नाहीये. कागद कुणी, केव्हा आणि कशासाठी गोळा केला ते माहीत असेल तरच तो कुठल्या नावाने आणि कुणाच्या कपाटात पडलाय ते कळतं, आणि आपल्याकडे हे गोळा करण्याचं काम इतक्या वेगवेगळ्या लोकांनी इतक्या वेगवेगळ्या कारणांनी केलंय की एका सर्च बॉक्समध्ये सगळं मावणं अवघडच.

तिच्याच विषयातला एक कोरीव लेख घ्या. तिसऱ्या नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, नातू पुळुमावी याच्या राज्याच्या 19व्या वर्षी आजीने मुलाचं, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीचं केलेलं कौतुक, क्षहरातांचा, म्हणजे नहपान राजाच्या घराण्याचा, निर्वंश केला वगैरे. ब्राह्मी लिपीत आहे, त्यामुळे कित्येक शतकं लोक खालून बघून जात होते आणि पांडवांनी खोदलं म्हणत होते. एकोणिसाव्या शतकात आधी साहेब लोकांनी हाताने नकला काढल्या, वेस्ट बंधूंनी काढलेल्या नकला मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये आल्या, मग रा. गो. भांडारकरांनी वाचन केलं, मग 1883 साली नासिक जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, निघालं, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला सोळावा खंड, त्यात भगवानलाल इंद्रजींनी केलेलं वाचन आहे. आणि एपिग्राफिया इंडिका या शिलालेख छापणाऱ्या सरकारी मालिकेच्या 1905-06च्या आठव्या खंडात सेनार नावाच्या फ्रेंच माणसाने सगळे लेख पुन्हा तपासून छापले. आज कुठल्याही पेपरमध्ये जे कोट करतात ते बहुतेक वेळा हेच. हे सगळं इंटरनेट आर्काईव्हवर फुकट आहे, कारण कॉपीराईट कधीच संपलाय. गंमत म्हणजे त्याच शिलालेखावर परवा कुणी लिहिलेला आठ पानांचा पेपर वाचायचा तर क्रेडिट कार्ड काढा म्हणतात.

भाचीला हेच पटत नव्हतं, जुनं फुकट आणि नवं विकत, उलटं नको का. बरं फुकट आहे म्हणून जुनंच वाचत बसलं तरी पंचाईत, शंभर वर्षांत वाचन बदललेलं असतं.

गॅझेटियरबद्दल एक लक्षात ठेवा, ते इतिहासप्रेमातून नाही निघालेलं. जिल्हा चालवायचा, सारा वसूल करायचा, तर लोक कोण, पीक काय, रस्ते कुठले हे कलेक्टरला हाताशी पाहिजे, त्याच्यासाठी आहे ते. म्हणून त्यात जमिनीबद्दल ढीगभर आहे आणि बायकांबद्दल जवळजवळ नाहीच. पण त्या साहेबांमध्ये खरे अभ्यासूही होते हे मान्य करायला पाहिजे. भगवानलाल गेल्यावर त्यांचं गुजरातच्या प्राचीन इतिहासाचं अर्धवट राहिलेलं काम पुरं करणारा माणूस म्हणजे ए. एम. टी. जॅक्सन, संस्कृत जाणणारा, आणि हाच जॅक्सन पुढे आपल्याकडे नाशिकला कलेक्टर असताना 21 डिसेंबर 1909ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंच्या गोळीने मेला. म्हणजे एकाच माणसाचं नाव तुम्हाला शिलालेखांच्या शेल्फावर पण भेटतं आणि क्रांतिकारकांच्या फायलीत पण. त्या फायली वेगळ्याच ठिकाणी. मुंबई सरकारने स्वातंत्र्यलढ्याची साधनं, म्हणजे मूळ कागदपत्रं, म्हणून खंड काढले, 1885 ते 1920चा दुसरा खंड 1958चा, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टल 2015ला सुरू झालं, त्यावर गृहखात्याच्या राजकीय फायली घरबसल्या चाळता येतात.

आता मराठ्यांच्या इतिहासाची तर वेगळीच कथा. ग्रँट डफ या कंपनीच्या अधिकाऱ्याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास आला 1826ला, आणि 1867मध्ये नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या तरुणाने पुण्यात त्याच्यावर टीका करणारा निबंध वाचला, की बाबा तुझी साधनं दाखव. तिथून आपल्याकडे साधनं छापायची हवा सुरू झाली म्हणायला हरकत नाही. 1878ला काव्येतिहाससंग्रह मासिक निघालं, मग खरेशास्त्री, पारसनीस, आणि 1898ला वि. का. राजवाड्यांचा मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड, असे 22 खंड केले या माणसाने. गावोगाव पायपीट करून, देशमुख देशपांड्यांच्या माळ्यावरचे दप्तरांचे गठ्ठे मागत. लोक द्यायचे नाहीत, कारण वतनाचे कागद, उद्या कोर्टात कुणी वापरले तर. तो संशय आजही गेलेला नाही हं, सिन्नरकडच्या एका घरी मी स्वतः मोडी कागदांची ट्रंक बघायला गेलो होतो तर चहा दोनदा मिळाला, ट्रंक नाही उघडली.

राजवाड्यांनी 1910ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, आणि ते गेल्यावर 1927मध्ये धुळ्याला त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ झालं, नाशिककराला खरं तर पुण्यापेक्षा धुळं जवळ पण आपले पोरं उठसूट पुण्याला पळतात. पुण्यात पेशवे दफ्तर आहे म्हणा. हजारो रुमाल, रुमाल म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, आणि सगळं मोडीत. इंग्रजांनी ते जपलं ते इनामं तपासायला, कुणाची सनद खरी कुणाची खोटी, इनाम कमिशनने त्याच हिशोबाने लावून ठेवलं. अभ्यासकाला आत सोडायला मात्र तयार नव्हते. ग. चि. वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशीतून निवडलेले उतारे बाहेर आले तेव्हा आपल्या निफाडला जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांनी त्याच्यावर लिहिलं, की नुसत्या लढाया नका बघू, करवसुली बघा, न्यायनिवाडे बघा. पुढे 1930 ते 34मध्ये गो. स. सरदेसायांनी 45 खंड काढले. पण ती निवडच, म्हणजे सरदेसायांना जे महत्त्वाचं वाटलं ते. तुम्हाला चांदवडच्या बाजारातला जकातीचा हिशोब पाहिजे असेल तर रुमालच सोडायला लागणार आणि मोडी यायला लागणार.

नाशिकमध्ये काय आहे, तर सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय, 1840चं, देशातल्या जुन्या वाचनालयांपैकी. अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, त्र्यंबकच्या रस्त्याला, गाडी थांबवून कुणी जात नाही. नाण्यांवरून आठवलं, 1906मध्ये जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, 13 हजारांवर नाणी, त्यातल्या 9 हजारांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. आजीने शिलालेखात जे लिहिलं त्याचा हा पुरावा. रेव्हरंड स्कॉटने त्यावर एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये लेख लिहिला, पण शोधायला जाल तर गावाचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येकाने वेगळं केलंय, कुणी एच इकडे घालतो कुणी तिकडे, सगळी करून बघायची.

आणि नामावळी. ही गोदाकाठच्या तीर्थोपाध्यायांकडे असते, लाल कापडात बांधलेली लांबट वही. आजीचं कार्य करायला गेलो तेव्हा गुरुजींनी आधी गाव विचारलं, मग आडनाव, आत गेले, तीन वह्या घेऊन आले, मांडीवर आडवी धरून पानं उलटली आणि बोट ठेवलं, हे तुमचे पणजोबा. मोडीतली सही, खाली भावांची नावं, मुलांची नावं, कुठून आले ते. शाई तपकिरी झालेली. मला मोडी येत नाही, त्यांना फाडफाड येत होती. फोटो काढू का विचारलं तर म्हणाले तुमच्या पानाचा काढा, शेजारच्याचा नको. हा कॅटलॉग कुठल्या साईटवर नाहीये.

ऑनलाईनचं बाकी थोडक्यात. जेस्टोर, म्हणजे जर्नलांचा ऑनलाईन साठा, 1995ला निघालं ते अमेरिकेतल्या लायब्रऱ्यांना जुन्या जर्नलांसाठी शेल्फ पुरेनात म्हणून, लेखकांसाठी नाही न् वाचकांसाठीही नाही, म्हणूनच त्याचं गिऱ्हाईक कॉलेज आहे, तुम्ही आम्ही नाही. तरी आता साधं अकाउंट काढलं की महिन्याला 100 लेख स्क्रीनवर वाचता येतात, फक्त डाऊनलोड नाही. प्रबंधांसाठी शोधगंगा, 2009च्या यूजीसीच्या नियमानंतर विद्यापीठं तिथे पीएचड्या टाकायला लागली, पण मराठी प्रबंध बरेचसे नुसते स्कॅन, आतला शब्द सर्चला लागतच नाही, अनुक्रमणिका उघडून डोळ्यांनी बघा. एशियाटिक सोसायटीची ग्रंथसंजीवनी आहे, जुन्या पुस्तकांच्या स्कॅनची. 2024च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने वन नेशन वन सबस्क्रिप्शनला, म्हणजे सगळ्यांसाठी एकत्र जर्नलं घेण्याच्या योजनेला, मंजुरी दिली, तीन वर्षांचे 6 हजार कोटी, 30 प्रकाशक, 13 हजारांच्या आसपास जर्नलं, पण सरकारी संस्थांसाठी. भाचीचं कॉलेज खाजगी. तिथल्या लायब्ररीत लॉगिन मागितलं तर पासवर्ड ज्या मॅडमकडे होता त्या रिटायर झाल्या असं उत्तर मिळालं.

मग तिने सरळ त्या आठ पानांच्या पेपरच्या लेखिकेला ईमेल टाकली, दोन ओळींची, मी नाशिकची, लेण्यांवर काम करतेय. रात्री पीडीएफ आली, सोबत प्रश्न, तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्यातल्या लेखाचा दुपारच्या उन्हात फोटो काढून पाठवशील का. रविवारी आम्ही दोघं चढतोय.