बेडूक मोजावेत ते कानांनी

मृगाचा पाऊस पडला की, दोन-चार दिवसांतच पिवळ्याधमक बेडकांनी भरलेल्या एखाद्या डबक्याची चित्रफीत मोबाइलवर फिरू लागते. तिच्याखाली हे बेडूक परदेशी असल्याचे, विषारी असल्याचे किंवा येऊ घातलेल्या संकटाचे लक्षण असल्याचे लिहिलेले असते. वास्तविक ते बेडूक आपलेच असतात. शेतांत आणि भातखाचरांत राहणारा इंडियन बुलफ्रॉग एरवी मातकट हिरवा दिसतो; विणीच्या मोजक्या दिवसांत मात्र त्याचे नर पिवळे होतात, त्यांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या निळ्या दिसू लागतात आणि वीण आटोपली की तो रंग ओसरतो. चित्रफीत पाहणाऱ्या प्रत्येकाचे लक्ष या रंगाकडे जाते. त्या निळ्या पिशव्या कशासाठी आहेत आणि त्यांच्याशी जोडलेला तो आवाज नेमका कसा तयार होतो, हे सहसा कोणी विचारत नाही.

सरीसृप आणि उभयचर प्राण्यांसाठी काम करणाऱ्या स्थानिक मंडळांनी लोकांना हा आवाज ऐकायला शिकवावे, असे मला फार मनापासून वाटते. महाराष्ट्रात अशी मंडळे गावोगावी आहेत आणि त्यांपैकी बहुतेक सर्पमित्रांची आहेत. घरात शिरलेला नाग सुरक्षितपणे बाहेर काढणे, घोणस, मण्यार आणि फुरसे कसे ओळखावेत हे शाळांतून समजावणे, सर्पदंश झालेल्या माणसाला मांत्रिकाकडे न नेता थेट रुग्णालयात न्यायला लावणे, ही त्यांची कामे माणसांचे आणि सापांचे असे दोघांचेही प्राण वाचवतात. मात्र व्याख्यानाचा सगळा वेळ सापांवर खर्च होतो आणि बेडकांच्या वाट्याला शेवटची पाच मिनिटेही येत नाहीत.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली याला सुखद अपवाद आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवरच्या या गावात वर्षाकाठी सरासरी ७,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पावसाळ्यातल्या रात्री बेडूक व साप पाहण्यासाठी राज्यभरातून माणसे तेथे येतात. मलबार नेचर कन्झर्वेशन क्लब हे स्थानिकांचे मंडळ तेथे निसर्गाची ओळख करून देण्याचे आणि तो जपण्याचे काम करते. दाखवण्यासारखे तेथे पुष्कळ आहे. ओढ्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचे घरटे करून त्यात अंडी घालणारा मलबार ग्लायडिंग फ्रॉग तेथे आहे. त्याची पिल्ले फेसातून सुटून थेट खालच्या पाण्यात पडतात. कातळावर साचलेल्या वीतभरही खोल नसलेल्या पाण्यात अंडी घालणारा, आंबोलीच्याच नावाने ओळखला जाणारा भेक तेथे आहे. २००९ मध्ये तो नवी जाती म्हणून नोंदला गेला आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत होते. या बेडकांवर टपून बसलेला मलबारी चापडा हा सापही त्याच ओढ्यांच्या काठी असतो.

बेडूक आणि साप यांचा विचार एकत्र का करावा, याचे उत्तर पनामातल्या एल कोपे येथील जंगलाने दिले आहे. बेडकांच्या त्वचेवर वाढणारी कायट्रिड बुरशी २००४ मध्ये त्या जंगलात पोहोचली आणि तेथील बेडकांची संख्या कोसळली. बुरशी येण्याआधी आणि नंतर केलेल्या सापांच्या नोंदी संशोधकांनी पुढे ताडून पाहिल्या, तेव्हा सापांची विविधताही घटल्याचे दिसून आले. त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. सापांना बुरशीने काहीही केले नव्हते, त्यांचे अन्न मात्र नाहीसे झाले होते. ही बुरशी पश्चिम घाटातही आढळलेली आहे. त्यामुळे ज्याला साप वाचवायचे आहेत त्याला बेडकांवर लक्ष ठेवावेच लागेल, आणि रात्रीच्या अंधारात, मुसळधार पावसात, पानाआड बसलेल्या अंगठ्याएवढ्या प्राण्यावर लक्ष ठेवण्याचा सर्वांत विश्वासार्ह मार्ग कानांचा आहे.

आता बेडकाचा आवाज कसा तयार होतो, या मूळ प्रश्नाकडे वळू. आपण बोलताना श्वास बाहेर सोडतो आणि ती हवा वाया जाते. बेडूक ओरडताना तोंड आणि नाकपुड्या दोन्ही बंद ठेवतो. धडाच्या बाजूचे स्नायू आकुंचन पावले की फुप्फुसांतील हवा स्वरयंत्रातून जोराने वर येते, स्वरतंतू कंप पावतात आणि ती हवा तोंडाच्या तळाशी असलेल्या फटींतून गळ्याजवळच्या स्वरपिशवीत शिरून तिला फुगवते. पिशवीची त्वचा लवचीक असल्यामुळे ताणली गेलेली पिशवी आकसू लागते आणि हवा पुन्हा फुप्फुसांत परतते. पुढच्या हाकेसाठी तीच हवा वापरली जाते. छाती फुगवण्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत, आणि म्हणूनच काही जातींचे नर रात्रीतून हजारो वेळा ओरडू शकतात. तरीही हे काम स्वस्त नाही. उत्तर अमेरिकेतील स्प्रिंग पीपर या चिमुकल्या बेडकाच्या नरात आवाजासाठी वापरले जाणारे धडाचे स्नायू शरीराच्या वजनाच्या सुमारे १५ टक्के भरतात. मादीत हे प्रमाण कितीतरी कमी असते.

स्वरपिशवी आवाज घुमवते, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. पोकळी घुमते तेव्हा काय होते, हे शाळेतील भौतिकशास्त्रावरून सांगता येते: पोकळीतील हवेत ध्वनीचा वेग वाढला तर तिचा घुमण्याचा स्वरही चढतो. हीलियममध्ये ध्वनीचा वेग हवेतल्यापेक्षा जवळजवळ तिप्पट असतो. स्टॅन्ली रँड आणि रॉबर्ट डडली यांनी बेडकांना हीलियम मिसळलेल्या वायूत ठेवून त्यांचे ओरडणे ध्वनिमुद्रित केले आणि १९९३ मध्ये निष्कर्ष मांडले. पिशवी खरोखरच घुमणारी पोकळी असती तर स्वर ठळकपणे चढायला हवा होता. तसा तो चढला नाही. याचा अर्थ स्वर ठरतो स्वरयंत्रात, आणि पिशवीचे काम वेगळेच आहे. कंप पावणारा भाग लहान असेल तर तो भोवतालच्या हवेला फारसा हलवू शकत नाही आणि ऊर्जेचा मोठा वाटा आतच अडकून राहतो. ताणलेली पातळ त्वचा त्याच कंपनांनी मोठ्या पृष्ठभागासह थरथरते, त्यामुळे आवाज हवेत सहज उतरतो. तबल्याच्या पुडीवर बोट पडले की जे घडते, त्याच्याशी हे पुष्कळसे जुळते. मला या प्रयोगाचे अतिशय अप्रूप वाटते, कारण बेडकाला कापावे लागले नाही, केवळ त्याच्या भोवतालची हवा बदलली आणि अनेक वर्षांचा समज तपासला गेला.

आवाज निघाला, पण तो कोणी ऐकायचा? बेडकाच्या डोळ्यामागे दिसणारी गोल चकती म्हणजे त्याचा कानाचा पडदा. आंतरकर्णात ध्वनीसाठी दोन स्वतंत्र ग्राहक असतात. एक खालच्या स्वरांसाठी आणि दुसरा वरच्या स्वरांसाठी. वरच्या स्वरांचा ग्राहक तर अनेक जातींत स्वजातीच्या हाकेतील एखाद्या ठरावीक कंप्रतेच्या आसपासच जुळवलेला असतो. पोर्तो रिकोतील कोकी बेडकाच्या हाकेचे ‘को’ आणि ‘की’ असे दोन भाग आहेत. पीटर नॅरिन्स आणि रॉबर्ट कॅप्रानिका यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले की, खालच्या स्वराचा ‘को’ इतर नरांना दूर राहण्याचा इशारा देतो आणि वरच्या स्वराचा ‘की’ मादीला बोलावतो. नर व मादी यांच्या कानांची जुळवणीही त्यानुसार वेगळी आढळली. एकाच हाकेतून दोन श्रोत्यांना दोन निरोप जातात.

यापुढचा भाग थोडा अवघड आहे, तरी तो वगळवत नाही. बेडकाच्या कानाच्या पडद्यावर आवाज बाहेरून तर पडतोच, शिवाय तो आतूनही पोहोचतो. शरीराच्या भिंतीतून ध्वनी फुप्फुसांत शिरतो, तेथून तोंडाच्या पोकळीत आणि तेथून पडद्याच्या आतल्या बाजूवर येतो. आतून आणि बाहेरून आलेल्या लहरींनी पडद्याला एकाच क्षणी विरुद्ध दिशांना ढकलले, तर पडदा कमी हलतो. अमेरिकेतील ग्रीन ट्री फ्रॉगवर झालेला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास असे सांगतो की, या बेडकाच्या हाकेत एक खालचा आणि एक वरचा असे दोन प्रमुख स्वर असतात, आणि फुगलेली फुप्फुसे नेमके त्या दोहोंच्या मधल्या पट्ट्यातले ध्वनी क्षीण करतात. स्वजातीची हाक जवळजवळ जशीच्या तशी ऐकू येते, तर मधल्या पट्ट्यात ओरडणाऱ्या परजातींचा कोलाहल मंदावतो. दहा जाती एकाच डबक्यावर ओरडत असताना मादी आपला नर कसा शोधते, या कोड्याचा एक भाग असा उलगडला.

आपल्याकडच्या एका बेडकाने तर ‘ओरडतो तो नर’ हा सर्वसाधारण नियमही मोडला आहे. पश्चिम घाटातील, पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रातबेडकाच्या माद्याही आवाज काढतात, अशी नोंद कोयनेजवळच्या हुंबरळी येथील निरीक्षणांतून झाली आहे.

पाऊस लांबला की काही गावांत बेडकांचे लग्न लावतात, कोठे धोंडी काढताना बेडूक काठीला बांधून घरोघर फिरवतात. दुष्काळाच्या छायेतील माणसांची व्याकुळता मला समजते, परंतु पाऊस हा समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचा आणि हवेच्या दाबाचा परिणाम आहे. बेडूक ओलावा आणि पाणी मिळाल्यावर ओरडतात, त्यांच्या ओरडण्याने पाणी येत नाही. बेडकाची त्वचा ओलसर राहिली तरच तो तिच्यातून श्वास घेऊ शकतो, त्यामुळे उन्हात बांधून फिरवलेला प्राणी बहुधा मरतोच. त्याच त्वचेसाठी, डास पळवणारे मलम लावलेल्या हातांनी छायाचित्रापुरते बेडूक उचलणेही थांबले पाहिजे, आणि एका ओढ्यात वापरलेले बूट न धुता दुसऱ्या ओढ्यात नेणेही, कारण बुरशी चिखलातून प्रवास करते.

स्थानिक मंडळाला करता येण्याजोगी गोष्ट पोर्तो रिकोनेच दाखवली आहे. तेथील एका डोंगरी रस्त्याच्या कडेने, वेगवेगळ्या उंचींवर, १९८३ मध्ये कोकीचे आवाज मुद्रित केले होते. २३ वर्षांनी त्याच रस्त्यावर पुन्हा मुद्रण केले, तेव्हा हाकांचा स्वर चढलेला आणि त्यांची लांबी कमी झालेली आढळली. बेडूक आकाराने लहान झाले होते आणि हा बदल वाढलेल्या तापमानाशी सुसंगत होता. जुनी मुद्रणे जपून ठेवली नसती तर हे कोणालाच कळले नसते.

आंबोली, कोयना, माळशेज किंवा आपल्या गावाबाहेरचा पाझर तलाव, कोणत्याही ठिकाणी याची सुरुवात करता येईल. जागा दरवर्षी त्याच ठेवाव्यात, सूर्यास्तानंतर विजेरी बंद करून एकेका जागी पाच मिनिटे स्तब्ध उभे राहावे आणि मोबाइलवर मुद्रण सुरू करावे. प्रत्येक जातीपुढे एक आकडा लिहावा: आवाजच नसेल तर ०, एकेक बेडूक सुटा मोजता येत असेल तर १, हाका एकमेकींवर चढत असूनही वेगळ्या ओळखू येत असतील तर २, आणि अखंड गजर होऊन मोजणे अशक्य झाले असेल तर ३. उत्तर अमेरिकेत स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे हीच श्रेणी वापरली आहे आणि तिच्यासाठी एकही प्राणी हाताळावा लागत नाही. आकड्याशेजारी तापमानाची नोंद अवश्य करावी, कारण बेडूक थंड रक्ताचा असल्याने गारव्यात तोच नर तीच हाक अधिक संथपणे देतो, आणि ही नोंद नसेल तर दोन वर्षांची मुद्रणे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.