मीथिंक्स

मीथिंक्स हे इंग्रजीतील वापरातून गेलेले क्रियारूप आहे. अर्थ 'मला वाटते', भूतकाळी 'मीथॉट'. देवनागरीत लिहिले की यातला 'मी' कर्ता भासतो आणि मराठी वाचक हमखास फसतो. हा इंग्रजी 'मी' म्हणजे आपला 'मला'. जुन्या इंग्रजीत तो चतुर्थीचे काम करी.

'आय थिंक' बरोबर, मग 'मी थिंक्स' कसे, आणि शेवटचा 'स' कुठून आला? उत्तर असे की हे 'थिंक' वेगळेच आहे. जुन्या इंग्रजीत दोन क्रियापदे होती: 'थेन्चान' म्हणजे विचार करणे आणि 'थ्युन्चान' म्हणजे वाटणे, भासणे. दोन्ही एकाच जर्मानिक धातुकुळातली. पहिले दुसऱ्याचे प्रयोजक रूप, म्हणजे विचार करणे हे मुळात 'स्वतःला भासवणे'. मध्ययुगीन इंग्रजीत स्वर सरकले आणि दोघांचेही 'थिंक' झाले. 'थोह्ते' आणि 'थूह्ते' ही त्यांची भूतकाळी रूपेही 'थॉट'मध्ये मिसळली. विचार करणारे 'थिंक' तगले. वाटणारे फक्त या एका जोडशब्दात अडकून राहिले. 'स' हा तृतीयपुरुषी एकवचनी प्रत्यय. 'मला वाटते' यात 'वाटते' जसे 'मला'शी जुळत नाही, तसेच इथेही.

खरे तर मराठी माणसाला ही रचना इंग्रज माणसापेक्षा लवकर कळावी. जुन्या इंग्रजीत आवडणेही असेच चाले: आवडणारी वस्तू कर्ता, आणि ज्याला आवडते तो चतुर्थीत. भुकेचीही तीच तऱ्हा. पुढे नामांचे विभक्तिप्रत्यय झडले, वाक्यात आधी येईल तो कर्ता अशी सवय जडली आणि 'मला आवडते'च्या जागी 'आय लाइक' आले. जर्मनमध्ये मात्र 'मिख द्युन्क्ट' अजून आहे, जरा जुनाट वळणाचे.

शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये (अंक ३, प्रवेश २) राणी गर्ट्रूड नाटकातले नाटक पाहताना म्हणते की ही बाई जरा जास्तच आणाभाका घेते आहे, आणि 'मीथिंक्स' शेवटी जोडते. आपल्याकडे 'वाटतं' जोडावे तसे. लोक ते वाक्य उद्धृत करताना हा शब्द बहुधा सुरुवातीला नेऊन ठेवतात. हल्ली तो थट्टेत किंवा मुद्दाम जुनाट ढंग आणायलाच उरला आहे.