वाडी कुठं न्यायची, याचं गणित

मे महिन्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयाचं पाणी खाली गेलं, की साताऱ्यातल्या बामणोलीच्या अंगाला जुन्या जोत्यांचे दगड उघडे पडतात. साठ वर्षांपूर्वी कोयना धरणासाठी इथली घरं उठली. कुणी ठाण्याकडे गेलं, कुणी तेव्हाच्या कुलाब्यात म्हणजे आजच्या रायगडात, कुणी सोलापूर-सांगलीच्या माळावर. महाबळेश्वरच्या पट्ट्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, सोलापुरात पाच-सहाशे. नाचणी-वरीच्या उतारावर हयात गेलेला माणूस ज्वारीच्या रानात नेऊन सोडला, की त्याच्या हातातली निम्मी विद्या बिनकामाची होते.

म्हणून जगभरच्या निर्वासितांच्या पुनर्वसनात संगणक शिरतोय, ही बातमी सातारकराला तरी परकी वाटू नये. कुठलं कुटुंब कुठं पाठवायचं, हा प्रश्न तिथंही आहे. अमेरिकेत बाहेरच्या छावण्यांतून येणाऱ्या निर्वासितांची वाटणी सेवाभावी संस्थांची माणसं हातानं करत आली. एखाद्या गावी किती जागा आहेत, दुभाष्या आहे का, एवढं पाहायचं आणि नाव लिहून टाकायचं. ज्यांचे नातेवाईक आधीच तिथं आहेत त्यांना त्यांच्याजवळ धाडतात. खरा पेच असतो तो कुणीच ओळखीचं नसलेल्यांचा.

२०१८ च्या जानेवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. त्यातली पद्धत दोन पायऱ्यांची आहे. आधी संगणकाला जुन्या नोंदी द्यायच्या: आलेल्या माणसाचं वय, शिक्षण, भाषा, मूळ देश, त्याला कुठं ठेवलं आणि पुढं काम मिळालं का. हजारो नोंदी चाळून तो नव्या माणसासाठी प्रत्येक गावी काम मिळण्याची शक्यता काढतो. मग दुसरी पायरी, वाटणीची. आणि गंमत आहे ती इथंच.

समजा दोन माणसं आहेत आणि दोन गावं, प्रत्येक गावात एकच जागा. पहिल्याला काम मिळण्याची शक्यता थोरल्या गावी ६० टक्के, धाकट्या गावी ५०. दुसऱ्याला थोरल्या गावी ५५, धाकट्यात फक्त १०. रांगेत पहिला उभा आहे म्हणून त्याला त्याचं उत्तम गाव देऊन टाकलं, तर बेरीज ७० होते. त्याला धाकट्या गावी धाडून थोरलं गाव दुसऱ्याला दिलं, तर १०५. पहिल्याचा तोटा फक्त दहाचा, दुसऱ्याचा फायदा पंचेचाळीसचा. दोन माणसांचं हे गणित चुलीपुढं बसूनही सुटतं. हजार कुटुंबं आणि पन्नास गावं झाली, की कितीही अनुभवी कारकून असो, एवढ्या जोड्या त्याच्या डोक्यात मावत नाहीत.

जुन्याच नोंदी या पद्धतीनं पुन्हा वाटून पाहिल्या, तेव्हा अमेरिकेतल्या निर्वासितांना काम मिळण्याचं सरासरी प्रमाण ३४ वरून ४८ टक्क्यांवर जाईल असं दिसलं. स्वित्झर्लंडमध्ये, येऊन तिसऱ्या वर्षीचं प्रमाण १५ वरून २६ वर. हा कागदावरचा अंदाज होता, प्रत्यक्ष घडलेलं नव्हे. पण त्यामागचं कारण पटण्याजोगं आहे. स्वित्झर्लंडच्या २६ प्रांतांत कुठं जर्मन चालते, कुठं फ्रेंच, कुठं इटालियन. आफ्रिकेतून फ्रेंच बोलत आलेला माणूस केवळ प्रांतांना ठरवून दिलेल्या कोट्यामुळं जर्मनभाषी प्रांतात पडला, तर शून्यापासून सुरुवात.

वाटणीआधी निर्वासितांची ओळख कशी नोंदवतात, तेही पाहण्यासारखं आहे. सांगलीच्या हळद बाजारातल्या हमालाला विचारा: पोती उचलून बोटांच्या रेषा झिजतात आणि रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही. निर्वासितांतही कष्टकरी पुष्कळ. म्हणूनही अनेक छावण्यांत डोळा वाचतात. बुबुळातल्या बाहुलीभोवतीच्या पडद्याची नक्षी आईच्या पोटातच घडते, आणि जुळ्या भावंडांचीही वेगळी असते. आपल्यासारख्या गडद डोळ्यांतली नक्षी साध्या उजेडात दिसत नाही, ती डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त उजेडात उठून येते. जॉर्डनच्या झातारी छावणीत २०१६ मध्ये निर्वासित दुकानात डोळा दाखवून किराणा घेऊ लागले. सोय मोठी, पण कार्ड हरवलं तर दुसरं मिळतं, डोळा बदलता येत नाही. म्यानमारमधून बांगलादेशात पळून आलेल्या रोहिंग्यांची अशी माहिती गोळा झाली आणि ती त्यांच्या नीट संमतीशिवाय म्यानमारपर्यंत गेली, असा आरोप ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या मानवाधिकार संस्थेनं २०२१ मध्ये केला. ज्या सरकारच्या भीतीनं पळाले, त्याच्याच हाती!

वाटणीकडे परत येतो. संगणकाला जे मोजायला सांगाल, तेच तो वाढवतो. अमेरिकेतल्या नोंदींत मोजलं होतं ते आल्यापासून नव्वद दिवसांत काम लागलं का, एवढंच. पोर शाळेत रमलं का, म्हातारीला बोलायला कुणी मिळालं का, याचा रकानाच नाही. जर्मनीत २०२३ च्या सुमारास वेगळी वाट धरली गेली: पोलंडमध्ये थांबलेल्या युक्रेनी लोकांकडून त्यांच्या गरजा आणि आवडीनिवडी भरून घ्यायच्या, नगरपालिकांनी आपल्याकडे काय आहे ते सांगायचं, आणि संगणकानं जोड्या लावायच्या. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राऊंडला पसंतीक्रम भरलेल्या कुणालाही यातली धाकधूक कळेल. मला हीच वाट जास्त पटते, कारण जाणाऱ्याला निदान कुणी विचारतं तरी.

अमेरिकेतल्या एका संस्थेनं २०१८ पासून वापरलेल्या प्रणालीचं नाव ॲनी. १८९२ मध्ये न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरच्या स्थलांतरित केंद्रात सर्वांत आधी नोंद झालेल्या आयरिश मुलीवरून, ॲनी मूरवरून ठेवलेलं. त्या प्रणालीपुढचं कोडं टेम्पो भरण्यासारखं आहे. पोती लहानमोठी, गाड्यांत जागा ठरलेली आणि कुठलंही पोतं फोडायचं नाही. सात जणांचं कुटुंब एकत्रच जाणार, म्हणून हिशेब अवघड होतो आणि संगणकाची गरज पडते. ॲनीच्या लेखी न फुटणारं पोतं म्हणजे कुटुंब. वाडी नव्हे.