अबू सिंबेलचे पुतळे: कोरण्यापासून कापण्यापर्यंत

दक्षिण इजिप्तमधल्या अबू सिंबेलच्या मंदिरांचा विषय निघाला की मोठ्या मंदिराच्या दर्शनी पुतळ्यांची उंची आधी सांगितली जाते: बसलेल्या स्थितीत सुमारे २० मीटर. पण इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याचे हे चार पुतळे कुठून आणून बसवलेले नव्हते, ते डोंगराचाच भाग होते. विसाव्या शतकात मंदिरे हलवण्यावरून झालेला सगळा वाद त्यातूनच उभा राहिला.

एरवीची रीत वेगळी होती. दगड खाणीतून काढायचा आणि मंदिरापर्यंत ओढत न्यायचा. इ. स. पू. १९००च्या सुमाराच्या, दैर अल-बर्शा इथल्या एका थडग्यात याचे चित्र आहे. लाकडी स्लेजवर (बिनचाकी घसरगाडीवर) दोरांनी जखडलेला पुतळा, ओढणाऱ्यांच्या रांगा आणि पुतळ्याच्या पायापाशी उभा राहून पुढच्या वाळूवर पाणी ओतणारा एक माणूस. तो बहुधा काही विधी करत असावा, असे बरीच वर्षे मानले जाई. पुढे प्रयोगांत दिसले की योग्य प्रमाणात भिजवलेल्या वाळूवर ओढण्याचे श्रम जवळपास निम्म्याने कमी होतात.

अबू सिंबेलला ओढाओढीचा प्रश्नच नव्हता. वालुकाश्म मऊ असल्याने त्यावर तांब्या-कांशाच्या छिन्न्या चालत. असवानच्या ग्रॅनाइटवर मात्र डोलेराइट या कठीण दगडाचे गोटे आपटत बसावे लागे. प्रमाणासाठी चौकटींची आखणी असे. उभ्या आकृतीला तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकटी, बसलेलीला १४. इथल्या चेहऱ्यांची रुंदी एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत चार मीटरहून जास्त आहे. जवळून काम करणाऱ्याला अख्खा चेहरा एका नजरेत दिसणे शक्यच नव्हते, त्यामुळे आखणीवाचून चालण्यासारखे नव्हते. जागच्या जागी कोरण्यात एक धोका मात्र होता: दगड निवडता येत नाही, डोंगरातल्या भेगा पुतळ्यातही येतात. डावीकडून दुसऱ्या पुतळ्याचा वरचा भाग प्राचीन काळीच भूकंपात कोसळला.

१९६०मध्ये असवानच्या उंच धरणाचे काम सुरू झाले आणि मंदिरे पाण्याखाली जाणार हे स्पष्ट झाले. त्याच वर्षी मदतीचे आंतरराष्ट्रीय आवाहन निघाले. नुबियातल्या, म्हणजे नाईलकाठच्या या बुडणाऱ्या प्रदेशातल्या, उत्खननासाठी भारतातूनही एक तुकडी गेली. धरण आणि वारसा यांचा तिढा भारताला नवा नव्हता, आंध्रातल्या नागार्जुनकोंडाचे प्राचीन बौद्ध अवशेष धरणामुळे तेव्हा नुकतेच टेकडीवर हलवले जात होते.

अबू सिंबेलसाठी अनेक योजना पुढे आल्या. एक अशी की मंदिराभोवती स्वतंत्र बांध घालायचा. पण पाझरणारे पाणी पंपाने उपसत बसायचे ते किती वर्षे? दुसरी, मंदिर स्वच्छ पाण्यात बुडू द्यायचे आणि लोकांनी ते पाण्याखालच्या सज्ज्यांतून पाहायचे. तिसरी सर्वांत धाडसी होती. डोंगराचा तो भाग काँक्रीटच्या पेटीत बंद करून, काही लाख टनांचे ते ओझे शेकडो जॅकनी अखंड वर उचलायचे. तज्ज्ञांचा मोठा गट याच योजनेच्या बाजूचा होता, कारण तीत दगडाला करवत लागणार नव्हती. ती मागे पडली खर्चामुळे.

१९६३मध्ये निर्णय झाला तो कापण्याचा. टीका झाली आणि ती भावनिक म्हणून झटकून टाकण्यासारखी नव्हती: जे डोंगरातून वेगळे करता येत नाही, हेच ज्याचे वैशिष्ट्य, त्याचे ठोकळे करायचे? पण पाणी चढत होते आणि पुरेसा पैसा उभा राहू शकेल अशी योजना हीच होती. मंदिरांपुढे तात्पुरता बांध घातला गेला. वरचा डोंगर फोडताना दगड पडून इजा होऊ नये म्हणून पुतळे वाळूत पुरले. हजारांहून अधिक तुकडे झाले, काही ३० टनांपर्यंतचे. दर्शनी भागावर कापाची रेघ बारीक राहावी म्हणून हातकरवती वापरल्या. १९६८पर्यंत सगळे ६५ मीटर उंचावर, मूळ जागेपासून सुमारे २०० मीटर मागे पुन्हा जुळवले गेले. कोसळलेले डोके आणि धड जिथे पडले होते तसेच, पायांपाशी ठेवले.

आज मागे दिसणारा डोंगर कृत्रिम आहे, त्याच्या पोटात काँक्रीटचे घुमट आहेत. प्रवासी पुस्तिकांतले ‘डोंगरात कोरलेले मंदिर’ हे वर्णन त्यामुळे निम्मेच खरे उरते. याच मोहिमेत अमादाचे छोटे मंदिर मात्र कापले नाही. त्याच्या रंगीत कोरीवकामाला करवत सोसणार नव्हती. सुमारे ९०० टनांचा तो भाग रुळांवर ठेवून अखंड अडीच किलोमीटरहून दूर नेला.